आपण नसलो तर कुणाचं अडतं? निवृत्तांच्या वसाहतीतलं रोजचं जगणं

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

निवृत्तांच्या वसाहतीत राहायला येऊन मला १४ महिने झाले. हे गेल्यावर तीन वर्षं जुन्या घरात एकटीने काढली आणि मग सगळं आवरून इथे आले. निर्णय माझा होता, आणि तो चुकला असं आजही वाटत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत जे झालं ते मांडावंसं वाटतं, कारण नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांचं तेच होताना बघते आहे.

आल्या दिवशी कार्यालयातून महिन्याचं वेळापत्रक हातात मिळालं. सकाळी व्यायाम, अकराला हस्तकला, दुपारी पत्ते आणि कॅरम, संध्याकाळी गाणी नाहीतर व्याख्यान. मी सगळीकडे गेले, एकही कार्यक्रम चुकवला नाही. ३४ वर्षं नोकरी केलेली, वेळेवर पोचायची सवय अंगात मुरलेली. तरीही रात्री खोलीचं दार लावलं की वाटायचं, आज दिवसभर आपण कुठेच नव्हतो. असं का होतंय ते कळत नव्हतं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इतकं सगळं चालू असतं तिथे, अजून काय हवं?" तिलाही उत्तर देता आलं नाही.

मग एकदा ताप आला. तीन दिवस खाली उतरले नाही. चौथ्या दिवशी व्यायामाला गेले, तर शेजारच्या बाईंनी नेहमीसारखा हसून नमस्कार केला आणि हात वर करून व्यायाम सुरू केला. मी तीन दिवस नव्हते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना मी अजिबात दोष देत नाही. ४० खुर्च्यांमधली एक रिकामी राहिली तर कुणाच्या डोळ्यांवर येणार? पण त्या दिवशी मला माझ्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी येण्याने किंवा न येण्याने तिथलं काहीच हलत नव्हतं.

बदल झाला तो एका किल्लीमुळे. आमच्याकडे तळमजल्यावर पुस्तकांचं मोठं कपाट आहे. त्याची किल्ली एका गृहस्थांकडे असायची. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि जेवणाच्या टेबलावर मी शेजारी बसले होते म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "सहा आठवडे सांभाळाल का?" पितळी किल्ली, निळ्या नाडीत ओवलेली, सोबत एक जाड वही. वहीत तारीख, पुस्तक, खोली क्रमांक, परत आल्याची खूण असे रकाने पट्टीने आखलेले. हवा दमट असली की कपाटाचं उजवं दार फुगतं, मग किल्ली फिरवताना ते गुडघ्याने आत रेटावं लागतं. हे त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. रोज पाच ते सहा कपाट उघडायचं, एवढंच काम.

पहिल्या दिवशी चार जण आले. दुसऱ्या आठवड्यात एकदा डॉक्टरांकडे उशीर झाला आणि मी सव्वापाचला पोचले. कपाटासमोरच्या बाकावर दोघं जण बसून होते. एक आजोबा म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्हाला बरं नाही की काय. आता वर बघायलाच येणार होतो." मी किल्ली लावली, पण दार गुडघ्याने रेटायचं विसरले, कारण डोळे भरून आले होते. माझ्या दृष्टीने मी इथे राहायला आले ती त्या दिवशी.

म्हणून मला म्हणायचं आहे की आपल्यासाठी आखलेल्या कार्यक्रमांना जाऊन बसणं म्हणजे सहभाग नव्हे. आपल्या वाट्याला असं एखादं काम हवं की आपण आलो नाही तर कुणाचं तरी अडेल. ते काम लहान चालेल, अगदी दहा मिनिटांचंही चालेल. पण ते आपल्या नावावर हवं.

तुमच्यापैकी जे अशा वसाहतीत राहतात, किंवा ज्यांचे आईवडील राहतात, त्यांचा अनुभव काय? तुमच्या नावावर कोणतं काम आहे?

गुलमोहर

ताई, तापाचा परिच्छेद वाचून गलबलून आलं. माझी आई दोन वर्षांपूर्वी अशाच ठिकाणी राहायला गेली. तिला कसलाही त्रास नको म्हणून मी सगळं परस्पर ठरवत आले. खोलीत काही बिघडलं की मी इथून कार्यालयात फोन करते, तिच्या औषधांची यादी मी देते, सहलीला तिचं नाव मीच घालते. हे सगळं प्रेमापोटीच केलं. पण तुमचा धागा वाचल्यावर वाटतंय की मी तिच्या हातातली उरलीसुरली कामंसुद्धा काढून घेतली. आता काय करू?

दीपमाळ

गुलमोहर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मानसशास्त्र शिकवत असे, आणि या विषयावर एक जुना प्रयोग आहे जो मी दर वर्षी वर्गात आवर्जून सांगायचे.

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन अमेरिकन संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. एका शुश्रूषागृहातले ९१ रहिवासी त्यात होते, दोन वेगवेगळ्या मजल्यांवरचे. एका मजल्याला सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, तक्रारी, हे सगळं तुमच्या हातात आहे. त्यांच्यासमोर रोपं ठेवली, हवं तर त्यातलं एक निवडा आणि त्याची काळजी तुम्ही घ्या म्हणाले. चित्रपट दोन दिवस दाखवणार होते, कुठल्या दिवशी बघायचा तेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या मजल्यालाही रोपं दिली, चित्रपटही दाखवला, सगळं तितक्याच आपुलकीने. फरक इतकाच की रोप हातात ठेवलं आणि सांगितलं, पाणी परिचारिका घालतील. चित्रपटाचा दिवसही कर्मचाऱ्यांनी ठरवला.

तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरच्या ९३ टक्के लोकांमध्ये एकंदर सुधारणा दिसली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ७१ टक्के लोकांची स्थिती उलट खालावली होती. प्रयोग लहान होता, एकाच संस्थेत झालेला, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करू नये असंही मी विद्यार्थ्यांना सांगत असे. पण दोन्ही मजल्यांवर रोप तेच, पाणी तेच, फक्त पाणी कुणी घालायचं एवढंच वेगळं होतं, हे मला आजही विसरता येत नाही.

तेव्हा गुलमोहर, आईच्या खोलीतला नळ गळला तर आईलाच कार्यालयात जाऊ द्या. दोन दिवस जास्त लागतील. लागू देत.

याच्याच जोडीला एक सावधगिरीची गोष्ट. त्याच सुमारास रिचर्ड शुल्झ यांनी विद्यार्थ्यांना वृद्धाश्रमातल्या लोकांच्या भेटीला पाठवलं होतं. भेटायला कधी यावं हे ज्यांना स्वतः ठरवता आलं, किंवा निदान आधी माहीत होतं, त्यांची तब्येत आणि उमेद सुधारली. पण प्रयोग संपला, विद्यार्थी यायचे थांबले, आणि नंतर पाहिलं तर नेमकी हीच माणसं घसरली होती. म्हणून कुणी उत्साहाने चार महिने उपक्रम चालवतं आणि सोडून जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. सुरू करणाऱ्याने आपल्यानंतर हे कोण बघणार ते पहिल्याच दिवशी ठरवावं.

कंदील

दीपमाळताई, शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी आमच्या रहिवासी समितीत पाच वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रत्येक वसाहतीत हे होतं: कामं करणारे ठरलेले पाच-सहा जण. तेच कार्यक्रम ठरवतात, तेच खुर्च्या मांडतात, तेच हिशेब लिहितात. सुरुवातीला हौस असते. मग थकवा येतो. मग "आम्हीच का?" असा कडवटपणा येतो, आणि बाकीचे म्हणतात की यांची मक्तेदारी आहे. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं खरं वाटतं, आणि थोडंफार असतंही. आमच्याकडे यावरून दोन जुने मित्र आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एक जण आजारी पडला तेव्हा दुसरा पहिल्या दिवशी भेटायला गेला, पण मधले आठ महिने वाया गेले ते गेलेच.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. कुठलंही काम एका माणसाकडे द्यायचं नाही, जोडीला द्यायचं. एक जुना, एक नवा. आणि त्या कामाची कृती एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची: माइक कुठे ठेवतात, हॉलचे दिवे कोणत्या बटणांवर आहेत, कुणाला फोन करायचा. पाऊलवाट ताईंच्या किल्लीवाल्या गृहस्थांनी दार गुडघ्याने रेटायचं दोनदा करून दाखवलं ना, ती खरी सोपवणी. नाहीतर माणूस नुसती किल्ली देतो आणि नवा माणूस पहिल्याच दिवशी दाराशी झटापट करून किल्ली परत करतो.

दुसरं, पुरुषांबद्दल. आमच्याकडे कार्यक्रमांना बायका ३० तर पुरुष ४. बायकोच्या आग्रहाने आलेले, मागच्या रांगेत दाराजवळ बसणारे. "या, गप्पा मारू" म्हटलं की पुरुष येत नाहीत. "हे स्टूल डगमगतंय, जरा बघता का?" म्हटलं की तीन जण येतात. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाची चळवळ १९९०च्या दशकात सुरू झाली ती याच अनुभवातून: हत्यारं, एक कामाचं टेबल, आणि काहीतरी दुरुस्त करत बसलेले निवृत्त लोक. आता ती अनेक देशांत पसरली आहे. आम्ही सामान ठेवायच्या जागेतला एक कोपरा मागून घेतला. तिथे वॉकरच्या पायांचे झिजलेले रबर बदलणं, व्हीलचेअरचे ब्रेक घट्ट करणं, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवणं अशी कामं चालतात. चष्म्याचा स्क्रू बसवायला दोघं लागतात, एकाने चष्मा धरायचा आणि दुसऱ्याने भिंगातून बघत स्क्रू पिळायचा. मान खाली, हात कामात. आणि अशा वेळी माणूस हळूच सांगतो की कालपासून छातीत जरा जड वाटतंय, किंवा मुलाचा फोन महिनाभर आलेला नाही. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर त्याने "सगळं उत्तम" म्हणून विषय संपवला असता.

सांजवेळ

मी जेवणाच्या हॉलबद्दल लिहिते. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त दुखतं ते तिथेच.

मी नवीन होते तेव्हा ताट घेऊन एका टेबलापाशी गेले, तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक बाई म्हणाल्या, "इथे बसलेत." दुसऱ्या टेबलावर खुर्चीवर शाल ठेवलेली. तिसऱ्या ठिकाणी कुणी काही बोललं नाही, पण बोलणं थांबलं. वय वर्षं ७१, हातात ताट, आणि शाळेच्या पहिल्या दिवसासारखा पोटात गोळा. नंतर तीन आठवडे मी जेवण खोलीत मागवलं. कार्यालयातल्या लोकांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

त्या बाई दुष्ट नव्हत्या. आता माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. सहा वर्षं त्या चौघी एकत्र जेवत होत्या, त्यातली एक नुकतीच गेली होती, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर इतक्यात कुणी बसावं हे त्यांना सहन होत नव्हतं. हे मला चार महिन्यांनी कळलं. कुणीतरी आधी सांगितलं असतं तर मीच त्या खुर्चीपाशी गेले नसते.

आमच्याकडे आता दाराजवळचं गोल टेबल कुणाचंच नसतं. तिथे कुणी जागा धरत नाही. एकटं आलेलं माणूस सरळ तिथे बसतं, आणि जुन्यांपैकी दोघं पाळीपाळीने आठवडाभर त्याच टेबलावर जेवतात. या आठवड्यात माझी पाळी आहे. ताई, तुम्ही विचारलंत ना कोणतं काम नावावर आहे? हेच.

नदीकाठ

धागा चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. आम्ही दोघं एकत्र राहतो. तिला एकटीला मी फार तर १५ मिनिटं ठेवू शकतो. नंतर ती मला शोधत बाहेर पडते. या धाग्यावर सगळे म्हणताहेत की काम अंगावर घ्या, खाली उतरा. माझ्या अंगावर एक काम आहे, आणि ते रात्रीसुद्धा संपत नाही. वसाहतीतले लोक भले आहेत. पहिल्या वर्षी सारखे बोलवायला यायचे. मी नाही म्हणत राहिलो, मग ते यायचे थांबले. "त्यांना मिसळायला आवडत नाही" असं आमच्याबद्दल बोललं जातं हे माझ्या कानावर आलं आहे.

शिवाय काही माणसं मुळातच शांत असतात. आयुष्यभर माणसांत राहून नोकरी केली, आता खिडकीत बसून वाचायचं आहे, असं कुणाला वाटलं तर त्यात काही बिघडलं का? सहभाग ही सक्ती होऊ नये. दार बंद दिसलं की आत दुःखच आहे असं समजू नये, आणि दार बंद आहे म्हणून विचारणंही सोडू नये. हे दोन्ही एकदम सांभाळणं अवघड आहे, मला मान्य आहे.

पाऊलवाट

नदीकाठकाका, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर दिलं नाही, कारण विचार करायचा होता. माझ्या लिहिण्यात तुमच्यासारख्यांना जागाच नव्हती. त्याबद्दल मनापासून माफी मागते. मी आज आमच्या वहीत बघितलं. ज्यांनी वर्षभरात एकही पुस्तक नेलेलं नाही अशा खोल्या शोधल्या, तर त्यातल्या तीन खोल्यांत कुणीतरी आजारी माणसाची सेवा करत आहे. म्हणजे कपाटापर्यंत येणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि मला मात्र वाटत होतं की त्यांना वाचायची आवड नाही. उद्यापासून आठवड्यातून एकदा मी पाच-सहा पुस्तकं पिशवीत घालून त्या दारांवर जाणार आहे. आत या म्हणाले तर आत जाईन, नाहीतर पुस्तक देऊन परत येईन.

तुमच्या बाबतीत एक सुचवू का? खाली बोलावणारे थांबले, पण कुणी "मी वहिनींपाशी बसतो, तुम्ही जाऊन या" असं म्हटलं का? म्हटलं नसेल तर तुम्ही एका माणसाला तसं सांगून बघा. फक्त एका.

हाक

मी आयुष्यभर श्रवणचाचण्या घेण्याचं काम केलं, त्यामुळे मला एक वेगळीच गोष्ट दिसते. कार्यक्रमांना न येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ऐकूच येत नसतं, आणि तसं सांगायला संकोच वाटतो. पहिले काही महिने येतात, सगळे हसले की हसतात. नंतर "आता कंटाळा येतो" म्हणून बंद करतात.

उंच छताचा, फरशीचा, पडदे नसलेला हॉल असेल तर आवाज घुमतो, आणि श्रवणयंत्र लावलेल्याला शब्दांऐवजी नुसता गोंगाट पोचतो. बोलणारा उभा राहतो आणि म्हणतो, "माइक नको, माझा आवाज मोठा आहे." कृपया, माइक घ्याच. तुमचा आवाज कितीही मोठा असला तरी शेवटच्या रांगेतल्या यंत्रात तो स्वच्छ पोचत नाही. जाड पडदे लावा, पंखे हळू ठेवा, खुर्च्या रांगेत लावण्याऐवजी गोलात लावा म्हणजे एकमेकांचे ओठ दिसतात. शक्य असेल तिथे हॉलमध्ये इंडक्शन लूप, म्हणजे माइकला जोडलेली, हॉलभोवती फिरवलेली तार, बसवून घ्या. टी-कॉइल, म्हणजे त्या तारेचा संकेत पकडणारं छोटं वेटोळं, असलेल्या श्रवणयंत्रात माइकवरचा आवाज त्यातून थेट पोचतो.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण ज्यांवर काही करता येतं असे १४ घटक दिले आहेत. ऐकू कमी येणं आणि एकटेपणा हे दोन्ही त्या यादीत आहेत. माझ्या कामात मी हे दोन्ही एकाच माणसात किती वेळा पाहिले, मोजदाद नाही.

पावलोपावली

फिजिओथेरपिस्ट आहे, दोन वसाहतींत जाते. थोडक्यात लिहिते.

"मी रोज चालतो की" हे उत्तर फार ऐकते. चालणं हवंच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५च्या पुढच्या लोकांसाठी तीन गोष्टी आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही सांभाळणारे व्यायाम. बहुतेक वसाहतींत ही तिसरी गोष्ट होत नाही. खुर्चीत बसून हात वरखाली करणं चांगलं, पण तोल सुधारायचा तर उभं राहायला हवं, खुर्चीची पाठ धरून का होईना. ज्यांना चक्कर येते किंवा जे आधी पडले आहेत त्यांनी मात्र आधी तपासून घ्यावं.

यात धाग्याचा विषय कुठे आला? पडायच्या भीतीने माणसं संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. एका वसाहतीत साडेसहाच्या कार्यक्रमाला गर्दी का होत नाही यावर तीन बैठका झाल्या. मी लिफ्टपासून हॉलपर्यंत चालत गेले. वाटेत दोन दिवे बंद, मध्ये बसायला बाक नाही, आणि दाराशी अर्ध्या इंचाचा उंबरा, त्याच रंगाच्या फरशीत न दिसणारा. दिवे लावले, मध्ये बाक ठेवला, उंबऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवली. पुढच्याच आठवड्यात चार जण वाढले. चौघांनीही आधी कारण विचारल्यावर "वेळ मिळत नाही" असं सांगितलं होतं.

उजळणी

मी अजून वसाहतीत गेलेलो नाही, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे, म्हणून सगळं मन लावून वाचतोय. एक भर घालतो.

१९७३ साली फ्रान्समध्ये तुलूझ इथे पिएर वेलास यांनी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू केलं. तिथे विद्यापीठातले अध्यापक ज्येष्ठांना शिकवत. १९८२च्या सुमारास ब्रिटनमध्ये तीच कल्पना गेली, पण त्यांनी एक मोठा बदल केला: सदस्यांनीच सदस्यांना शिकवायचं. परीक्षा नाही, पदवी नाही. आज मी शिकवतो, उद्या त्याच वर्गात बसून तुमच्याकडून शिकतो. मला वाटतं पाऊलवाट ताईंचा मुद्दा हाच आहे. शिकायला जाणं चांगलंच, पण गुरुवारी दहाला माझा वर्ग आहे म्हटलं की बुधवारी रात्रीच माणूस तयारीला लागतो.

वसाहतीत ७०-८० माणसं असतील तर त्यात किती व्यवसायांचं ज्ञान पडून असेल. वीजजोडणी, शिवणकाम, जमीनमोजणी, रेल्वेचं वेळापत्रक बसवणं. मी स्वतः नकाशे काढायचो. त्यावर सहा तास बोलू शकेन, आणि ऐकणारे दोघं मिळाले तरी मला पुरेत.

कंदील

उजळणीसाहेब, जरूर या. तुमच्यासारखा माणूस आला की समितीतल्या आमच्यासारख्यांना बळ येतं.

तुम्ही इतिहास काढलात म्हणून आठवलं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने 'सन सिटी' खुली केली. निवृत्तांसाठी वेगळं गाव, गोल्फ, पोहण्याचा तलाव, करमणूक केंद्र. पहिल्या तीन दिवसांत सुमारे १ लाख लोक बघायला आले. लोक आले ते करमणुकीच्या सोयी बघून. पण मला जास्त भावते ती नंतरची गोष्ट. त्या गावाला स्वतःची नगरपालिकाच नाही. म्हणून तिथे 'प्राइड्स' नावाचा रहिवाशांचा स्वयंसेवक गट रस्त्यांच्या कडेची साफसफाई आणि झाडांची छाटणी करतो. सोयींमुळे माणसं तिथे गेली असतील, पण कात्री आणि झाडू हातात घेतल्यावर गाव त्यांचं झालं, असं मला वाटतं.

गुलमोहर

अपडेट द्यायला आले. आईला फोन करून सांगितलं की यापुढे कार्यालयाशी तूच बोल. ती आधी रागावली, "मला टाळतेस का?" म्हणाली. मी तिला खरं कारण सांगितलं, दीपमाळताईंचा रोपांचा प्रयोगही सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खोलीतली ट्यूबलाइट वर्षभर फडफडते आहे. तुला त्रास नको म्हणून बोलले नाही." वर्षभर! मी तिला त्रास नको म्हणून झटत होते आणि ती मला त्रास नको म्हणून अंधूक उजेडात बसत होती. काल ती स्वतः कार्यालयात गेली. ट्यूब आजच बदलून मिळाली.

सांजवेळ

गुलमोहर, आईंना नमस्कार सांगा. त्यांच्या वसाहतीतही एक गोल टेबल करता येतं का बघायला सांगा.

एक राहिलं होतं. आमच्यापैकी काही जण पुढे शुश्रूषा विभागात हलवले जातात. इमारत शेजारचीच, पण जणू दुसऱ्या गावाला गेल्यासारखं होतं. वेळापत्रकातून नाव जातं, ग्रुपमधून नंबर जातो. ज्या बाईंनी मला "इथे बसलेत" म्हटलं होतं, त्या आता तिथे आहेत. मी रोज दुपारी त्यांच्याकडून शब्दकोड्यातले अडलेले शब्द विचारून घेते. मुद्दाम विचारत नाही, त्यांना खरोखरच माझ्यापेक्षा जास्त येतात. काल मी गेले नाही तर त्यांनी परिचारिकेबरोबर चिठ्ठी पाठवली: "आडवा सात अजून राहिला आहे."

पाऊलवाट

धागा वर काढते आहे, कारण किल्लीची गोष्ट पुढे गेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले गृहस्थ काठीशिवाय चालायला लागले. सहा आठवड्यांचे पाच महिने झाले होते. मी किल्ली परत द्यायला गेले, खरं सांगते, हात जड झाला होता. त्यांनी किल्ली घेतली, वही उघडून माझ्या सगळ्या नोंदी वाचल्या, आणि विचारलं, "ही बाजूला पिशवीची खूण कसली?" मी दारोदारी पुस्तकं नेण्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मग कपाट मी बघतो, पिशवी तुमची. आणि मी पडलो झडलो तर परत कपाटही तुमचंच." कंदीलकाकांनी लिहिलेली जोडी आपोआपच झाली.

पिशवीच्या तीन खोल्यांच्या आता सात झाल्या आहेत. एका खोलीत पुस्तक नको असतं, मोठ्याने वाचून दाखवायचं असतं. तिथे २० मिनिटं जातात.

नदीकाठकाका, तुमचं काही कळलं नाही बरेच दिवसांत. काळजी वाटते.

नदीकाठ

पाऊलवाट ताई, विचारलंत, बरं वाटलं. तुमचं ऐकून शेजारच्या खोलीतल्या बाईंना विचारलं. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी केव्हापासून विचारणार होते, पण तुम्हाला आवडेल की नाही कळत नव्हतं." आता त्या रोज पाचला येतात आणि मी ४० मिनिटं खाली जातो. पहिल्या दिवशी नुसता बाकावर बसलो, काय करावं सुचेना. आता कॅरमला चौथा गडी मीच असतो, माझ्याशिवाय डाव मांडत नाहीत.

पत्नी आयुष्यभर नीटनेटकी. शेजारच्या बाईंनी एक दिवस भोजनगृहातले धुतलेले नॅपकिन आणले आणि दोघी घड्या घालत बसल्या. तिचे हात ती घडी विसरलेले नाहीत. कोपऱ्याला कोपरा लावते, तळहाताने एकदा दाबते, मग बाजूला ठेवते. मी काल पावणेसहाला वर आलो तर मान वर करून म्हणाली, "उशीर झाला तुला." कित्येक महिन्यांनी तिने असं वेळेबद्दल काही म्हटलं. नॅपकिन मोजले तर २७ होते. भोजनगृहातल्या मुलाने सांगितलं आहे की उद्या ६० पाठवतो, चालतील का विचारा. मी तिला विचारलं. ती म्हणाली, पाठव म्हणावं.